पास्ता चालतो, वजडी चालत नाही

मागच्या हिवाळ्यात आमच्या विभागात एक कार्यक्रम झाला. प्रत्येकाने आपल्या घरातला, आजी-पणजीपासून चालत आलेला एक पदार्थ स्वतः रांधून आणायचा आणि त्याची गोष्ट दोन मिनिटांत सांगायची. दिल्लीतलं विद्यापीठ, त्यामुळे देशोदेशीचे विद्यार्थी होते. इथिओपियाच्या मुलीने इंजेरा आणला. कोरियाच्या मुलाने किमची आणली आणि थंडी सुरू होताना त्याच्या घरी सगळ्या बायका मिळून ती कशी घालतात ते सांगितलं. कोलकात्याच्या मैत्रिणीने पणजीच्या वहीतून उतरवलेलं शुक्तो केलं होतं. पुण्याच्या एकाने पुरणपोळ्या आणल्या आणि आजीच्या पुरणयंत्राचा फोटो दाखवला.

मी पास्ता नेला.

टोमॅटो, लसूण, वर थोडं चीज. माझ्या घरात मागच्या तीन पिढ्यांत कुणी पास्ता पाहिलेला नाही. आजी धाराशिवकडच्या एका खेड्यात राहते, तिला तो दाखवला तर ती विचारेल, ‘ह्या कसल्या शेवया?’ तरीही मी पास्ताच नेला, आणि दोन मिनिटांत सांगितलं की आमच्या घरी ‘सगळं जगच शिजतं’. लोक हसले. एका प्राध्यापिकेने कौतुकाने मान हलवली. मी खोटं बोलले होते आणि ते खोटं सगळ्यांना आवडलं होतं.

हा लेख त्या खोट्याबद्दल आहे. ते माझं एकटीचं नाही, म्हणून लिहिते आहे. आपल्यातले जे पहिल्यांदा पदवीपर्यंत पोचले, गाव सोडून शहरात आले, त्यांनी कधी ना कधी असा पास्ता नेलेला आहे.

‘पारंपरिक’ आणि ‘कौटुंबिक’ म्हणजे कुणाचं?

जगभरातले पारंपरिक घरगुती पदार्थ आपापल्या स्वयंपाकघरात करून पाहण्याची सध्या लाट आहे. त्यात वाईट काही नाही. दुसऱ्याच्या आजीचं जेवण आवडीने रांधणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण या हौसेत एक गृहीतक लपलेलं असतं: प्रत्येक घराला एक परंपरा असते, त्या परंपरेची एक वही असते आणि ती वही मिरवण्यासारखी असते.

वही असायला आधी अक्षर लागतं. वाटी-चमच्याचं माप सांगायला घरात रोज तेवढं धान्य लागतं. तासभर मंद आचेवर शिजवायला सरपण लागतं आणि दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायला न जाता घरी बसण्याची सोय लागते. १९७० साली आलेलं कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ घरोघरी पोचलं, लग्नात मुलींना भेट म्हणून दिलं गेलं. त्या पुस्तकाशी माझं भांडण नाही. पण ‘मराठी स्वयंपाक’ म्हणून जे छापलं गेलं, टीव्हीवर गेलं आणि आता रीलवर फिरतं, ते मूठभर जातींच्या ओट्यावरचं आहे. मांग-महारांच्या, ढोर-चांभारांच्या, पारध्यांच्या चुलीवर जे शिजलं ते ‘मराठी’ ठरलं नाही. ते ‘त्यांचं’ ठरलं.

सवर्ण स्वयंपाकघर आज बेधडक मेक्सिकोला जातं, थायलंडला जातं. रोममध्ये एक जुना खाटीकखाना होता, टेस्टाचो भागातला, १९७५ साली तो बंद झाला. तिथल्या कामगारांच्या वाट्याला जनावराचा उरलासुरला भाग यायचा: शेपूट, आतडी, पोट. त्याला तिथे ‘पाचवा भाग’ म्हणतात. त्यातून झालेले पदार्थ आज रोमची शान आहेत. आपल्याकडचे हौशी खवय्ये तिथे जाऊन बैलाच्या शेपटीचा रस्सा खातात, फोटो टाकतात आणि ‘अस्सल कामगारांचं जेवण’ म्हणून चार ओळी लिहितात. हेच लोक आपल्या गावच्या वेशीबाहेरच्या वजडीला नाक मुरडतात. समुद्र ओलांडायला त्यांना अडचण नाही. वेस ओलांडायची म्हटली की पोट बिघडतं.

हा माझा कांगावा नाही. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशभरातल्या कुटुंबांना अस्पृश्यता पाळता का, असं सरळ विचारलं होतं. जे नाही म्हणाले त्यांना पुढे विचारलं: अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? दोन्ही प्रश्न मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांनी अस्पृश्यता कबूल केली. सर्वेक्षणाने जात मोजायला स्वयंपाकघराचं दार निवडलं, हे विसरू नका. २०१७ साली पुण्यात एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार दिली की स्वयंपाक करणाऱ्या बाईने जात लपवून आपल्या घरात सोवळ्याचा स्वयंपाक केला. पुढे ती तक्रार मागे घेतली गेली. पण विज्ञान शिकून, पगार घेऊन, वरिष्ठ पदावर पोचूनही ओट्यावरची जात गेली नव्हती, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

आपण पास्ता का नेतो

सवर्णांना बोलणं सोपं आहे. आता आपल्याकडे बघू.

मी दिल्लीत आले तेव्हा तीन खोल्या बघितल्या. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न जेवणाचा होता. दुसरा आडनावाचा. तिसऱ्या ठिकाणी मालकीण म्हणाल्या, ‘अंडं वगैरे ठीक आहे, पण वास यायला नको.’ मी होकार दिला. पुढचं वर्षभर मी त्या खोलीत पास्ता केला, नूडल्स केल्या, एकदा चिकन घालून थाई रस्साही केला. मालकीणबाईंनी वाटीभर मागून घेतला. मग एका १४ एप्रिलला आईने पाठवलेला येसूर काढला आणि मटण केलं. काही नवीन नव्हतं, चिकन आधीही शिजलं होतं. पण त्या संध्याकाळी दार वाजलं. ‘ये क्या बना रही हो?’ पुढच्या महिन्यात ‘भाचा येणार आहे’ म्हणून खोली रिकामी करावी लागली.

तेव्हा मला कळलं की वास मांसाचा नव्हता. थाई रस्स्याला जात नसते. येसुराला असते. भाजलेल्या धान्याचा, खड्या मसाल्याचा, लाल तिखटाचा तो वास सांगतो की ही मुलगी कुठून आली आहे.

म्हणून आपण जग शिजवतो. पास्ता आपल्याला काही विचारत नाही. रामेन आडनाव मागत नाही. हॉस्टेलमध्ये, ऑफिसच्या डब्यात, नव्या सासरी परदेशी पदार्थ हा आपल्यासाठी जात न सांगण्याचा परवाना आहे. मी कुणाला दोष देत नाही. खोली टिकवायची असते, नोकरी टिकवायची असते. मुंबईच्या आयआयटीत २०२३ साली मेसमधली काही टेबलं ‘फक्त शाकाहारी’ केली गेली, आणि निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. एवढी किंमत असेल तर माणूस लपवणारच. पण लपवतो आहोत हे निदान स्वतःला तरी सांगू. त्याला ‘माझी आवड आता ग्लोबल झाली’ असं नाव देऊ नये.

हैतीचं सूप

मग जगाचं जेवण सोडून द्यायचं का? मुळीच नाही. उलट मी म्हणते, नीट शिजवा. पदार्थासोबत त्याचा इतिहासही चुलीवर ठेवा. तसं केलं की जगातले कितीतरी घरगुती पदार्थ आपल्याच वस्तीत येऊन उभे राहतात.

या वर्षी १ जानेवारीला मला भीमा कोरेगावला जाता आलं नाही. त्या दिवशी मी हैतीचं ‘सूप जुमू’ केलं.

हैती तेव्हा सेंट-डोमिंग होतं, फ्रान्सची वसाहत. ऊस आणि कॉफीच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले लाखो गुलाम राबत. जुमू म्हणजे तिथला एक भोपळा. त्याचं घट्ट सूप मालकांच्या ताटात असे. हैतीच्या लोकांची पिढ्यानपिढ्यांची आठवण अशी की ते पिकवायचं, शिजवायचं गुलामांनी, पण चाखायची मात्र त्यांना मनाई. १७९१ साली गुलामांनी उठाव केला. तेरा वर्षं लढून त्यांनी नेपोलियनच्या फौजेलाही हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. तेव्हापासून दर १ जानेवारीला हैतीच्या घराघरात हे सूप होतं. शेजाऱ्याला वाटलं जातं, दारी आलेल्याला दिलं जातं. २०२१ साली युनेस्कोने त्याची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. त्या यादीतली हैतीची ती पहिली नोंद.

करायला अवघड नाही. मांसाचे तुकडे लिंबाने धुऊन लसूण, कांद्याची पात, कोथिंबिरीसारखा पाला आणि मिरचीच्या वाटणात मुरवायचे. आपल्याकडे लाल भोपळा चालतो. तो उकडून घोटून घ्यायचा. मांस शिजलं की त्या रश्शात भोपळा, गाजर, बटाटा, कोबी घालायचं आणि शेवटी मूठभर मॅकरोनी. एक अख्खी तिखट मिरची वर सोडायची, ती फुटू द्यायची नाही. मी म्हशीचं मांस आणलं होतं. आम्ही पाच जणी होतो, त्यातली एक बिहारची मुसहर, एक तेलंगणाची मादिगा. सूप वाढताना मी हैतीची गोष्ट सांगितली तेव्हा तेलंगणाची मैत्रीण म्हणाली, ‘हे तर आमच्या तुपासारखं आहे.’

तिने नेमकं बोट ठेवलं. बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’च्या १९३६ च्या भाषणात चकवाऱ्याचा प्रसंग नोंदवला आहे. जयपूर संस्थानातल्या त्या गावात एका अस्पृश्य माणसाने तीर्थयात्रेहून आल्यावर जातभाईंना जेवण दिलं आणि पदार्थ तुपातले केले. जेवण चालू असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले. त्यांनी अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना मारलं. गुन्हा काय, तर तूप. ऐपत होती, विकत घेतलं होतं, तरी अस्पृश्याने तूप खाणं हा हिंदूंचा अपमान होता.

हैतीने मालकाच्या ताटातलं सूप हिसकावून आपला राष्ट्रीय पदार्थ केला. म्हणजे ‘पारंपरिक’ पदार्थ दरवेळी आजीने मायेने दिलेलाच असतो असं नाही. कधी तो लढून घेतलेला असतो. माझ्या आजीच्या आजीला तूप नाकारलं असेल, तर आज माझ्या ओट्यावर तुपातली पुरणपोळी होणं हीसुद्धा माझी परंपरा आहे. ती १८०४ च्या सुपासारखी आहे.

जे फेकलं गेलं त्याचं काय

हे झालं नाकारलेल्या अन्नाचं. दुसरा प्रकार फेकलेल्या अन्नाचा. तिथे प्रश्न जास्त अवघड होतो.

अमेरिकेच्या दक्षिणेत थंडीत डुकरं कापली जात. चांगलं मांस मालकाच्या घरात जाई. आतडी, पाय, कान गुलामांच्या झोपड्यांत येत. ती आतडी तासन् तास धुऊन शिजवलेला ‘चिटलिन्स’ हा पदार्थ काळ्या माणसांच्या घरात पुढे शतकभर टिकला. १९६० च्या दशकात नागरी हक्कांच्या आणि ‘ब्लॅक पॉवर’च्या काळात या सगळ्या जेवणाला ‘सोल फूड’ हे अभिमानाचं नाव मिळालं. पण त्याच काळात त्यांच्यातच मोठं भांडण झालं. नेशन ऑफ इस्लामचे एलायजा मुहम्मद यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात हे गुलामीचं खाणं सोडा, असं सांगितलं. एक बाजू म्हणत होती, हे आमच्या आयांचं कौशल्य आहे. दुसरी म्हणत होती, ही मालकाने दिलेली घाण आहे.

जपानमध्येही हेच आहे. तिथल्या बुराकू समाजाकडे जनावरं कापण्याची आणि कातडी कमावण्याची कामं होती. १८७१ च्या फर्मानाने कायद्याने त्यांची अस्पृश्यता संपली, व्यवहारात राहिली. ओसाकाच्या बुराकू वस्त्यांत गाईची आतडी चरबीत तळून ‘अबुराकासु’ करतात. एकेकाळी हा पदार्थ वस्तीबाहेर कुणाला माहीत नव्हता. आज तो घातलेले उदोन नूडल्स ओसाकात आवडीने खाल्ले जातात आणि खाणाऱ्या अनेकांना तो कुठून आला ते ठाऊक नसतं. ओसाकाकडच्याच बुराकू वस्तीतले लेखक योशिहिरो उएहारा यांनी २००५ साली जगभरच्या भेदभाव सोसलेल्या समाजांच्या जेवणावर एक पुस्तक लिहिलं. त्यासाठी ते अमेरिकेत गेले, ब्राझीलला गेले आणि नेपाळच्या चर्मकार वस्त्यांतही गेले. आमच्या विभागातल्या त्या कार्यक्रमात खरं तर हे पुस्तक टेबलावर असायला हवं होतं.

आता इकडे या. तुमच्यापैकी अनेक जण एव्हाना अस्वस्थ झाले असतील. वजडी, रक्ती, वाळवलेल्या मांसाच्या चान्या यांचं आता कौतुक करायचं का? बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला काय सांगितलं होतं? मेलेलं जनावर ओढू नका, त्याचं मांस खाऊ नका. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये त्यांनी अस्पृश्यतेचं मूळच मृत गाईच्या मांसाशी जोडलं. मग ही कोणती उलटी वाट?

हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण तो माझ्या घरातलाच आहे. आजीला फोन करून मी वजडीची कृती विचारली तेव्हा ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, ‘ते कशाला लिहितीस माय? पोट भरायचं म्हून केलं. दुसरं काय व्हतं? तुझ्या पणज्यानं दीक्षा घेतली आन् मेलेलं वढायचं सोडलं. गावानं तवा दळण बंद केलं, पाणी बंद केलं. दोन म्हैने आमी बाभळीच्या शेंगा उकडून खाल्ल्या. पर परत नाही हात लावला.’

ती दोन महिन्यांची भूक हीच आमच्या घराची सगळ्यात मोठी पाककृती आहे. २०१६ साली उन्यात मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारलं, तेव्हा गुजरातमधल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलायचं नाकारलं. तो नकार आजीच्या नकाराचाच पुढचा भाग होता. कुणी आज ‘दलित फूड’ नावाचा पॉप-अप लावून, मातीच्या वाडग्यात वजडी घालून, दोन हजारांना विकत असेल आणि त्यात हा नकार नसेल, तर तो आपल्या भुकेचा धंदा करतो आहे.

पण बाबासाहेबांच्या आवाहनाचा अर्थ काय होता? ते ताटाबद्दल जेवढं होतं त्याहून जास्त बलुत्याबद्दल होतं. मेलेलं जनावर ओढणं हे गावाने लादलेलं काम होतं आणि ते मांस त्या कामाची मजुरी होती. ती बेडी तोडायची होती. स्वतःच्या पैशाने ताजं मांस विकत घेऊन, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मर्जीने शिजवणारी मुलगी बेडीत नाही. खायचं की नाही हे ती ठरवते. आजीने नकार दिला तेव्हाही ठरवणारी तीच होती. जात या दोघींकडूनही ठरवण्याचा हक्कच काढून घेते.

आणि आज हा हक्क काढून घेण्याचं काम कायदाही करतो. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्याबंदी होतीच. २०१५ साली बैल आणि वळूही त्यात आले, पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेरून आलेलं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, पण बंदी कायम ठेवली. २०१५ च्याच सप्टेंबरात दादरीजवळ घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावाने एका मुसलमान माणसाचा जीव घेतला. एकेकाळी गावाने आम्हाला गाईचं मांस खायला भाग पाडलं आणि त्यासाठी अस्पृश्य ठरवलं. आता शासन सांगतं, खाल्लंत तर तुरुंग. दोन्ही वेळा आमच्या ताटात काय असावं हे दुसऱ्यानेच ठरवलं.

नोंद आपणच करायची

आपली आत्मकथनं भुकेने भरलेली आहेत. ओमप्रकाश वाल्मीकींच्या आत्मकथनाचं नावच ‘जूठन’ आहे. ती नोंद गरजेची होती. पण भुकेच्या मधल्या दिवसांत आपल्या आयांनी काय रांधलं, कसं रांधलं, कशात चव आणली, याची नोंद फार उशिरा सुरू झाली. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रातून शर्मिला रेगे आणि सहकाऱ्यांनी दलितांच्या अन्न-आठवणींचं पुस्तक काढलं. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवरचं सगळं त्यांनी लाज न बाळगता लिहिलं. २०२४ मध्ये ते इंग्रजीत गेलं तेव्हा देशभर चर्चा झाली. मराठीत नऊ वर्षं ते आपल्यातल्याही किती जणांनी वाचलं?

अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी ही वाट दीडशे वर्षांपूर्वी धरली. मॅलिंडा रसेल या स्वतंत्र काळ्या बाईने १८६६ साली मिशिगनमध्ये स्वतःचं पाककृतींचं पुस्तक छापलं. एडना लुईस यांनी १९७६ साली व्हर्जिनियातल्या आपल्या वस्तीच्या जेवणावर लिहिलं. ती वस्ती गुलामीतून सुटलेल्या माणसांनी वसवली होती आणि लुईस यांचे आजोबा त्यांच्यातले एक होते. हे काम दुसऱ्या कुणी येऊन त्यांच्यासाठी केलं नाही.

एक इशारा मात्र देते, विशेषतः मुलग्यांना. ‘आजीच्या हातची चव’ म्हणत डोळे ओले करणं सोपं आहे. वजडी गरम पाण्यात बुडवून, चाकूने काळा थर खरवडून, चुन्याच्या निवळीत पुन्हा पुन्हा धुवायला अर्धा दिवस जातो. ते काम तुमची आई करायची, शेतातून आल्यावर. तिला सगळ्यांत शेवटी, खरवड जेवायला मिळायची. तेव्हा वारसा जपायचा असेल तर चाकू आधी तुम्ही हातात घ्या. बायकांच्या पाठीवर अभिमान उभा करायचा असेल तर आपल्यात आणि पुरणयंत्रवाल्यांच्या घरात फरक काय राहिला?

आजीने शेवटी कृती सांगितली. आधी म्हणाली, लिहून घे पण कुणाला दाखवू नको. मग सांगता सांगता तिचा आवाज बदलला. ‘तेल लई घालू नको, तिचं तिलाच सुटतं. मिठाच्या पाण्यात हळद घालून मऊ व्हस्तोवर शिजव. येसूर शेवटाला, नाहीतर कडू हुतो. शेंगदाण्याचा कूट मूठभर.’ मी विचारलं, कुणाची मूठ? ती हसली. ‘माझी. तुझी ल्हान हाय, दोन घाल.’ फोन ठेवताना ती म्हणाली, ‘आन् खाणारा कोन हाय तिथं? एकटी खाऊ नको.’

तर तुम्हाला माझं सांगणं एवढंच. जगभरच्या आज्यांचं जेवण जरूर करा. हैतीचं सूप करा, चिटलिन्सबद्दल वाचा, ओसाकाचे नूडल्स खा. पण त्या रांगेत तुमच्या आजीला उभं करा. या सुट्टीत घरी जाल तेव्हा वही घेऊन चुलीजवळ बसा. पदार्थाचं नाव ती म्हणते तसंच लिहा, त्याला प्रमाण मराठीचा साज चढवू नका. तो कधी केला जायचा, कशाच्या बदल्यात मिळायचा, कुणी सोडला, कधी सोडला, हेही लिहा. तिने लिहू नको म्हटलं तर थांबा, तो हक्क तिचा आहे. आणि जिथे खोली जाण्याची, नोकरी जाण्याची भीती नाही अशा ठिकाणी तरी खोटं बोलू नका. विद्यापीठातल्या त्या टेबलावर माझी खोली जाणार नव्हती. मला तिथे कुणाची भीती नव्हती, फक्त लाज होती. आणि ती लाज माझी नव्हतीच, ती मला चिकटवली गेली होती.

या हिवाळ्यात तो कार्यक्रम पुन्हा आहे. मी नाव दिलं आहे. पदार्थाच्या रकान्यात लिहिलं आहे: वजडी, येसूर घालून. गोष्टीला दोन मिनिटं पुरणार नाहीत, असंही कळवलं आहे.

जय भीम!